नऊ रिपोर्ट आणि एक वही

मी लिनक्सचे सर्व्हर सांभाळतो. राहतो शिवाजी पेठेत, त्यामुळे कुणी डिवचलं की गप्प बसवत नाही. एका छोट्या हॉस्पिटलच्या लॅबचा सर्व्हर माझ्याकडं होता. रिपोर्ट भरला की सेव्ह व्हायला सात-आठ सेकंद लागायचे. लॅबमधल्या ताई माझ्याहून वयानं मोठ्या, पण मला दादाच म्हणायच्या. "दादा, तुमच्या मशीनपरीस आमची म्हस लवकर उठती की!"

लागलं मला ते. प्रत्येक नोंद जुन्या डिस्कवर पक्की उतरेपर्यंत डेटाबेस थांबत होता. मी ते थांबणंच बंद केलं. नोंदी आधी मेमरीत साठू देत, डिस्कवर सावकाश उतरतील, असं सेटिंग केलं. मध्येच वीज गेली तर मेमरीतलं सगळं जातं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण यूपीएस आहे की, म्हटलं. त्याची बॅटरी मात्र या शहाण्यानं बघितली नाही.

सेव्ह आता क्षणात व्हायला लागलं. "नादखुळा, दादा!" म्हणत ताईंनी मिसळ चारली. मी हरभऱ्याच्या झाडावर.

पंधरा दिवसांनी भर दुपारी वीज गेली आणि यूपीएसनं मान टाकली. वीज आल्यावर सर्व्हर पुन्हा उठला, सगळं ठीक दिसलं. दुसऱ्या दिवशी शाहूवाडीकडचे एक म्हातारे रिपोर्ट न्यायला आले, तर त्यांचा रिपोर्टच नाही. शोधलं तर नऊ जणांचे नव्हते. नमुने टाकून दिलेले. आधीच सुया टोचून काळानिळा पडलेला हात म्हाताऱ्यांनी मुकाट्यानं पुन्हा पुढं केला.

हॉस्पिटलचे मालक डॉक्टर सगळ्यांदेखत ताईंवर ओरडले. "मी भरलंया की सायेब! सेव्ह झालेलं या डोळ्यांनी बघितलंया!" ताई म्हणत राहिल्या. डॉक्टर माझ्याकडं वळले. सर्व्हरमध्ये काही गडबड?

"सर्व्हर ठीक आहे," मी म्हणालो.

तोवर एवढं मोठं खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. त्याच संध्याकाळी सेटिंग गुपचूप पूर्ववत केलं, बॅटरी बदलून घेतली, वेग कमी झालेला कळू नये म्हणून नवी डिस्क बसवायला लावली. डॉक्टरांनी ताईंना शिक्षा म्हणून एक वही दिली. आधी वहीत लिहायचं, मग कॉम्प्युटरमध्ये भरायचं.

त्यानंतर एकही रिपोर्ट हरवला नाही. हरवणार कसा? पण डॉक्टर येईल त्याला सांगायचे, "वही दिल्यापासून बघा, एक चूक नाही." आणि ताई खाली मान घालून लिहायच्या. मी शेजारीच मिठाची गुळणी धरून बसलेला असायचो. लाज वाटायची, पण तोंड उघडायचं नाही ते नाहीच.

काही महिन्यांनी ताईंनी नृसिंहवाडीची कवठाची बर्फी आणली. "घ्या दादा, वाडीचा परसाद. दत्ताला सांगितलंय, आता काय इसरू देऊ नगंस म्हणून." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्या दिवशी भरल्यालं मला अजून डोळ्यांपुढं दिसतंय बघा. न भरता कसं दिसंल? तुमी शिकल्याली माणसं. सांगा की, डोस्कं असं फसवतंय व्हय?"

बर्फी माझ्या तोंडात होती.

"होतं ताई कधी कधी," मी म्हणालो.