बाहुली हलतेय तोवर

मेट्रन मार्थाताई गायकवाडांना मी पहिल्यांदा पाहिलं ते स्टुलावर उभं राहून वॉर्डाच्या खिडकीला स्वतःच्या जुन्या साड्या बांधताना. राहात्याजवळच्या आमच्या रुग्णालयात मी त्याच दिवशी नर्स म्हणून रुजू झाले होते. लख्ख उजेडात डोळ्याची बाहुली आधीच बारीक झालेली असते, मग टॉर्च मारून मेंदू प्रतिसाद देतो का ते नीट कळत नाही. म्हणून ताईंना पडदे हवे होते आणि मागून मिळत नव्हते. पाहुणे येणार आहेत, साड्या काढा, असा कार्यालयातून निरोप आला. "पाहुनं जातील, पेशंट इथंच राहनार हाय," ताई म्हणाल्या आणि त्यांनी गाठ आणखी आवळली.

बेशुद्ध माणसाच्या डोळ्यात टॉर्च मारण्याआधी ताई त्याला नावाने हाक मारतात, "उजेड टाकते हं" असं सांगतात. आम्ही मुली हसायचो. ताईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

ऊसतोडीला आलेली कौसल्या ट्रॉलीवरून डोक्यावर पडली. शस्त्रक्रिया झाली, पण शुद्ध येईना. डॉक्टरांनी आशा सोडली नव्हती, घरच्यांनी सोडली. मरण आपल्या गावात यावं, ही आमच्याकडची रीत. तिला घरी न्यायला गाडी दाराशी लागली, सासूबाईंनी गंगाजळाची कुपी उघडली. बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलेलं पाणी फुफ्फुसात जातं. ताईंनी त्यांचा हात धरला. "आजी, हे पानी तिला मारंल."

"मेल्यातच जमा हाय ती, सिस्टर," नवरा म्हणाला.

ताईंनी पडदा ओढला, कौसल्याला हाक मारली, तिची पापणी उचलली आणि टॉर्च नवऱ्याच्या हातात दिला. "टाक उजेड. बघ तूच."

बाहुली आकसली. हळू, पण आकसली. त्याने पुन्हा टॉर्च मारून पाहिला.

"बारीक झाली की. जित्ती हाय," म्हणत त्याने टॉर्च ताईंना परत दिला. मग म्हणाला, "गाडी माघारी धाडा."

कौसल्याचा डावा हात अजून अधू आहे. तोंड मात्र शाबूत आहे, नवरा ते रोज ऐकतो.

प्रत्येकाची बाहुली हलत नाही. अशी कुणाची हलली नाही की त्या आठवड्यात ताई रविवारी चर्चमध्ये देवाशी भांडतात, असं त्या स्वतःच सांगतात. साठी झाली, आता विश्रांती घ्या, असा सल्ला त्यांना मिळतो आहे. ताई तो ऐकणार नाहीत, आणि त्यांनी ऐकूही नये.

ताई, तुम्हाला उदंड आयुष्य आणि ठणठणीत तब्येत लाभो. यात आमचा स्वार्थ आहे. उद्या आमच्यापैकी कोणी निपचित पडलं आणि आमचीच माणसं रडत आम्हाला न्यायला आली, तर दारात तुम्ही आडव्या उभ्या हव्यात.