भावोजींनी घासलेली पानं

आमच्या भावोजींना पुसायची खोड आहे. चष्मा, खुर्ची, दाराची कडी, ताईने नुकतीच पुसलेली परात. हाती फडकं लागलं की माणूस सुटलाच. नोकरी बस डेपोत, माळ्याची. गेटजवळ त्यांच्या कुंड्यांची रांग, आणि तिच्या अंगावर दिवसभर बसेसचा धूर.

नवे मॅनेजरसाहेब आले आणि म्हणाले, "ही झाडं किती कळकट दिसतात. महिन्याभरात सुधारा, नाहीतर कुंड्या काढून टाकू आणि तुम्ही टायरच्या गोदामात जा." एकवीस वर्षं भावोजींनी त्या कुंड्या पोरांसारख्या सांभाळल्या होत्या. त्या दिवशी ते नीट जेवलेसुद्धा नाहीत, आणि ताईच्या राज्यात असं सहसा घडत नाही.

दुसऱ्या दिवशी कोणालाही न विचारता भावोजींनी घरून भांड्यांचा साबण आणि घासणी नेली, आणि एकेक पान ताटासारखं घासलं. संध्याकाळी ऐटीत सांगितलं, "वरचा पांढुरका थरही ठेवला नाही. लख्ख केलीत."

आठवड्याभरात पानांच्या कडा करपल्या, मग पानं गळायला लागली. तेव्हा कुठे मला बोलावणं आलं. मी नर्सरीत कामाला आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण मेहुणीला विचारायचं म्हणजे केवढा कमीपणा!

मी एक पान उचलून पाहिलं. "भावोजी, तो पांढुरका थर म्हणजे धूळ नव्हती, मेण होतं. धूर आत शिरू नये म्हणून पान ते स्वतःच तयार करतं. तुम्ही झाडाचा रेनकोट काढून घेतलात."

"आणि ही लव असलेली पानं?"

"ती लव धूळ वरच्या वर अडवते. तीही खरवडलीत."

"म्हणजे मरणार आता?"

"नाही. खराब झालेलं पान झाड टाकून देतं आणि नवं काढतं. नुसतं पाणी शिंपडा. आणि हात आवरा."

भावोजी खाली बसून गळलेली पानं एकेक करून गोळा करू लागले. त्यांना चिडवायची संधी मी सहसा सोडत नाही, पण तेव्हा मला फार वाईट वाटलं.

पुढचे तीन आठवडे ताईच्या घरातली भांडी कधी नव्हती इतकी चकचकीत होती. खोड कुठेतरी बाहेर पडायला हवीच ना.

महिना भरला त्या दिवशी मीही डेपोत गेले. फांद्यांवर कोवळी पानं आली होती, पांढुरका थर धरलेली. साहेब वाकले, खूश झाले, आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला. "पालवी छान आहे, पण पुन्हा धूळ बसली की."

भावोजींनी चक्क साहेबांचं मनगट धरलं. "हात लावू नका, साहेब. ती धूळ नाही, झाडानं स्वतःसाठी केलेलं पांघरूण आहे. मागे मी ते घासून काढलं. चूक झाली माझी."

साहेबांनी रुमाल खिशात ठेवला आणि कुंड्या जागच्या जागी राहिल्या. घरी जाऊन मी ताईला सगळं सांगितलं, तर तिला कुंड्यांचं काहीच नव्हतं. "चूक झाली माझी, असं म्हणाले?" तिने दोनदा विचारलं. तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिच्या कानावर कधी पडलं नव्हतं.