कानामागचं हाड

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे वैद्य म्हणायचे. औषधाशी संबंध एवढाच, की सर्दीची एक गोळी घ्यायची तरी घर डोक्यावर घ्यायचे.

कारखाना सैन्याचा, दुरुस्तीचा. हेलिकॉप्टरच्या पोटातले गिअरबॉक्स तिथे उघडतात, धुतात, झिजलेले भाग बदलून पुन्हा बांधतात आणि पाठवण्याआधी लोखंडी चौकटीवर बसवून तासभर फिरवून बघतात. त्या फिरत्या गिअरबॉक्सला हे हातोड्याचा एक जुना लाकडी दांडा टेकवायचे, दुसरं टोक कानापाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. मग कुठे जायचे देव जाणे. लांबच्या प्रवासातून घरी येऊन माणूस चपला काढतो ना, तसा चेहरा व्हायचा. पाच-सात मिनिटांनी परत यायचे आणि गिअरबॉक्सला पट्टी बांधायचे, हिरवी नाहीतर लाल. लाल म्हणजे पुन्हा उघडा. ह्यांची लाल पट्टी एकदाही खोटी निघाली नाही.

मी तिथेच हत्यारांच्या खोलीत. खिडकीतून पाने, हातोड्या द्यायच्या आणि घेणाऱ्याचं पितळी टोकन खिळ्याला अडकवून ठेवायचं. हत्यार आलं की टोकन परत. ह्यांचं एक्केचाळीस नंबरचं टोकन मी कामाला लागायच्या आधीपासून तिथे लटकलेलं, त्या दांड्यापायी. दुसऱ्या कुणाचं असतं तर भांडून दांडा जमा करून घेतला असता. दुपारी चौकट सुरू झाली की माझ्या खोलीतली सगळी टोकनं बारीक थरथरायची. छताच्या काचेतून उन्हाचा पट्टा येऊन मोठ्या पान्यांवरून सरकत जायचा. कुठून आवाज येतोय आणि आपण कुठे आहोत, काही कळायचं नाही. त्या गुंगीत किती दुपारी गेल्या, सांगता यायचं नाही.

आता गुपित सांगते. अकरा वर्षांपूर्वी हवेच्या दाबाची नळी ह्यांच्या डोक्याशेजारी फुटली आणि दोन्ही कानांचे पडदे गेले. लोकांना सांगितलं, जरा दडे बसलेत. महिनाभर घरात बसले, माझ्याशी बोलेनात, चिडचिड नुसती. एका सकाळी जेवणाच्या टेबलावर हनुवटी टेकून बसले होते, ते एकदम म्हणाले, "वरच्यांचा नळ ठिबकतोय."

मी वर जाऊन बघितलं. ठिबकत होता!

तेव्हापासून हे हाडांनी ऐकायला लागले. टेबल, भिंत, खिडकीची चौकट, जे मिळेल त्याला जबडा लावून बसायचे. माणसाचा आवाज मात्र हवेतून येतो, तो गेला तो गेलाच. ओठ बघून अंदाज बांधायचे. मी विचारावं, "पंखा लावू का?" तर हे म्हणायचे, "नको, कालचीच भाजी आहे." माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आणि मी तर दिवसभर बोलणारी बाई!

कामावर कुणाला पत्ता लागला नाही. दांडा कानाला लावतात असं सगळ्यांना वाटायचं. लावायचे ते कानामागच्या हाडाला. वर्षातून एकदा कान तपासत. काचेच्या खोलीत बसवून बारीक शिट्ट्या ऐकवायचे आणि ऐकू आली की बटण दाबायचं. हे काचेत त्या तपासणाऱ्याच्या हाताची सावली बघून बटण दाबायचे. बहिऱ्या माणसाला चौकटीपाशी उभं करायचं नाही असा नियम होता, म्हणून ही लबाडी. मला म्हणाले होते, "कुणाला सांगितलंस तर माझी शपथ आहे तुला."

निवृत्तीला आठ महिने राहिले होते, तेव्हा सैन्याने एका कंपनीशी करार केला. बटणाएवढे सेन्सर गिअरबॉक्सवर चिकटवायचे, आत काय चाललंय ते पडद्यावर रेघेत उमटणार आणि मोडण्याआधीच मशीन सांगणार, आता मला उघडा. कंपनीकडून एक पोरगी आली. हुशार, हसरी, दोन रात्रींची झोप राहिल्यासारखे डोळे. ह्यांना काका म्हणायची, मला काकू. सगळे तिला सेन्सरवाली म्हणायला लागले. ती आणि आमचे मेजर साहेब दिवसभर पडद्यापुढे.

पहिल्याच आठवड्यात फाटलं. डोंगरात अडकलेल्या माणसांना उचलून आणणाऱ्या हेलिकॉप्टरचा गिअरबॉक्स होता, सोमवारी जायचा होता. पडदा म्हणाला ठीक. ह्यांनी लाल पट्टी बांधली.

सेन्सरवालीने वाद घातला नाही. म्हणाली, "काकांचं ऐकणं आपण शिकून घेऊ." तिने बारा गिअरबॉक्सचे आवाज हेडफोनमधून ऐकवले, चांगले आणि बिघडलेले मिसळून. ह्यांनी मान डोलावत उत्तरं दिली. बारातली चार बरोबर. तेवढी तर मीही दिली असती, पाने पुसता पुसता.

मेजर साहेबांचा चेहरा पडला. माणूस वाईट नाही. म्हणाले, "वैद्य, वय होतं प्रत्येकाचं. उद्या सकाळी पट्टी काढू."

त्या संध्याकाळी हे घरी आले ते सरळ भिंतीला डोकं टेकून बसले. मी समोर जाऊन ओठ मोठे करून म्हटलं, "खरं आहे का लाल?"

"खरं आहे. थोड्या थोड्या वेळाने टिचकी मारल्यासारखं होतंय. आत कुठेतरी बेअरिंग तडकलंय. पाच माणसं बसतात गं त्यात."

"मग सांगा ना साहेबांना!"

"काय सांगू? अकरा वर्षं बहिरा आहे, तुम्हाला फसवलं, आणि आता माझं ऐका?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. भिंतीतून कुणाच्या तरी पंपाचा आवाज त्यांना येत असावा, बोट हळूहळू गुडघ्यावर पडत होतं. मीही शेजारी बसून भिंतीला कान लावला. मला काहीच आलं नाही. डोळा लागला तेव्हा स्वप्नात एक हेलिकॉप्टर बिनआवाजाचं वर चढत होतं आणि मी खालून ओरडत होते, तर माझाही आवाज निघेना.

सकाळी कामावर जाऊन मी हत्यारांची खिडकी बंद केली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. बाहेर लोक म्हणाले, "अहो काकू, पाना!" म्हटलं, "दाताने काढा नट." आणि चौकटीपाशी गेले. मेजर साहेबांच्या हातात कात्री होती.

"साहेब, थांबा. हे बहिरे आहेत."

ह्यांनी माझे ओठ वाचले. असं बघितलं माझ्याकडे, की मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सुरू केलं ते पुरं केलं. नळी फुटली ते, काचेतली सावली, कानामागचं हाड, सगळं. म्हटलं, "हेडफोनने ह्यांना तपासणं म्हणजे आंधळ्याला चित्र दाखवून पास-नापास करणं. दांडा द्या त्यांच्या हातात."

मेजर साहेब लाल झाले. तोंड उघडणार तेवढ्यात सेन्सरवाली ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाली, "काका, दांडा कुठे टेकवता?"

ह्यांनी दाखवलं. तिने सेन्सर लावला होता वर, झाकणावर, जिथे हात सहज पोचतो. ह्यांची जागा खाली, गिअरबॉक्सच्या डाव्या पायाशेजारच्या जाड नटावर. गुडघे टेकल्याशिवाय दिसतही नाही. पोरगी जमिनीवर आडवी झाली, सेन्सर तिथे चिकटवला, चौकट सुरू केली. हे पडद्याकडे पाठ करून बसले, दांडा हाडाला लावला, डोळे मिटले. पुन्हा तोच चेहरा, लांबून घरी आल्याचा.

"आता," हे म्हणाले आणि बोट टेकवलं. पडद्यावरची रेघ टुणकन उडाली. "आता." पुन्हा उडाली. "आता. आता. आता." मी मोजायचं सोडून दिलं. मेजर साहेबांनी कात्री खिशात घातली.

दुपारी गिअरबॉक्स उघडला. बेअरिंगच्या कड्यावर केसाएवढी चीर. आणखी थोडे तास हेलिकॉप्टर उडालं असतं तर तुकडाच पडला असता. सेन्सरवालीने प्रत्येक गिअरबॉक्सच्या त्या नटाला पिवळा रंग लावायला सांगितलं. आता सेन्सर तिथेच बसतो.

आणि नियम तो नियम. ह्यांना चौकटीवरून काढलं. उरलेले आठ महिने नव्या पोरांना उघडलेल्या भागांची झीज हाताने तपासायला शिकवायचं, चालू मशीनजवळ जायचं नाही. घरी ह्यांनी चार दिवस माझ्या ओठांकडे बघायचंच बंद केलं, म्हणजे माझं बोलणं पार संपलं. मी स्वयंपाकघरात एकटीच बडबडत होते आणि मधेच डोळे भरून येत होते. शपथ मोडली होती मी. पुन्हाही मोडली असती, पण ते सांगणार कुणाला?

पाचव्या दिवशी दुपारी हे माझ्या खिडकीशी आले. दांडा फळीवर ठेवला. हाताच्या घामाने काळा, गुळगुळीत झालेला. म्हणाले, "जमा करून घे."

मी एक्केचाळीस नंबरचं टोकन खिळ्यावरून काढलं. त्याच्यामागे भिंतीचा रंग अजून नवा होता. टोकन त्यांच्या हातावर ठेवलं. ते गेले नाहीत. दांडा पुन्हा उचलला, एक टोक माझ्या जबड्याला टेकवलं, दुसरं स्वतःच्या कानामागे धरलं आणि डोळे मिटले.

"बोल," म्हणाले.

अकरा वर्षं तोंडाचा पट्टा चालू होता माझा आणि आता एक शब्द सुचेना. कसंबसं म्हटलं, "अहो, माझ्यावर फार रागावलात का?"

चौकट चालू होती, टोकनं थरथरत होती. ह्यांच्या मिटल्या डोळ्यांच्या कडांना पाणी आलं आणि बाई गं, हसले.

"तस्साच आहे गं तुझा आवाज," म्हणाले. "जरासा चिडका. अजून बोल."

त्यांच्या मागे तिघं जण पाने घ्यायला उभे होते. म्हटलं, उभे राहू देत.