शंख जागेवर नव्हता

आमच्या वस्तीतल्या राममंदिरात आरतीचा शंख वीस वर्षे मी वाजवला. मग सीओपीडी या फुप्फुसांच्या आजाराचे निदान झाले, जिना चढताना धाप लागू लागली आणि शंख शेजारच्या गुणवंतरावांकडे गेला. ते मूळचे खाप्याचे, वयाने माझ्याएवढेच. त्यांचा एक श्वास मी घड्याळावर मोजत असे: बावीस सेकंद. माझे हात जोडलेले असत, पण नजर मूर्तीकडे नसे, मनगटाकडे असे. माझ्याच हवेत काटछाट का, हे मी रामाला रोज विचारत होतो.

साथ आली तेव्हा डॉक्टरांनी बजावले, इतरांचे जे तापावर निभावते ते तुमच्या फुप्फुसांना झेपेलच असे नाही. गर्दी टाळा, मास्क लावा, पंप चुकवू नका. मी सारे पाळले, एक सोडून. मंदिर पुन्हा उघडल्यावर मी आरतीआधी, कोणी नसताना तिथे जाई आणि मास्क काढून तोच शंख ओठांना लावी. आपल्यात अजून किती दम आहे, ते पाहायचे होते.

मध्ये धाप वाढली म्हणून चार दिवस घरीच राहिलो, चरफडत. पाचव्या दिवशी गेलो तर शंख जागेवर नव्हता. गुणवंतराव घेऊन गेल्याचे पुजाऱ्यांनी सांगितले. मी तिथूनच फोन लावला.

"शंख काहून नेला? देवाचा आहे तो, तुमच्या घरचा नाही."

"रागावू नका भाऊ. काल आरतीतच अंगात कणकण होती. आज ताप आहे मले. तुम्ही आधी येऊन वाजवून पाहता ना, म्हणून संगं घेऊन आलो."

"कोणी सांगितलं तुम्हाले?"

"सांगाले काहून पाहिजे? आमच्या अंगणात ऐकू येते. शंख कमी, फुसफुस जास्त."

दुसऱ्या दिवशी त्यांचा अहवाल पॉझिटिव्ह आला. ते अकरा दिवस दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. ज्या श्वासाचा मी हेवा केला, तोच त्यांना परत मिळावा म्हणून मी घरातल्या तसबिरीसमोर बसून राहिलो. मला लागण झाली नाही.

वर्तमानपत्रातल्या उभ्या नोकरीत मी 'कृपा' हा शब्द बातमीत येऊ दिला नाही. आजही पुरावा देता येणार नाही. मला एवढेच ठाऊक आहे, की जिला मी शिव्या दिल्या त्या धापेने मला चार दिवस घरी बसवले आणि ज्यांच्यावर मी जळलो त्यांनी माझी चोरी ठाऊक असूनही चारचौघांत काढली नाही.

ते परतले. शंखाचा सूर आता मध्येच तुटतो, मग ते पायरीवर टेकतात आणि मी शेजारी बसतो. त्यांचा श्वास किती सेकंद टिकतो, मला माहीत नाही. आरतीला निघताना मी घड्याळ घरी काढून ठेवतो.