शीग लावून कास्टिक

मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवली आणि निवृत्त झाल्यावर कारध्यात घराच्या मागच्या पडवीत एक टेबल, दोन काचेचे चंबू आणि बाटल्यांचं एक कपाट मांडलं. तेव्हापासून लोक मला प्रश्न विचारतात, आणि तेव्हापासून माझा लोकांवरचा विश्वास उडाला आहे. रसायनाबद्दल सरळ मनानं कोणी विचारत नाही, असं माझं ठाम मत झालं होतं.

एकानं विचारलं, स्पिरिट घरी शुद्ध कसं करायचं, हात धुवायला पाहिजे. त्याच्या अंगाला मोहाचा वास येत होता. मी त्याला हाकललं. दुसऱ्यानं विचारलं की दूध फाटू नये म्हणून काय टाकतात. त्याच्या घरी चार म्हशी. त्यालाही हाकललं. तुमसरच्या एका राइस मिलमधला माणूस आला. म्हणाला, कोंड्याचं तेल दोन दिवसांत खवट होतं. हा प्रश्न खरा होता. कोंड्यातलंच एक द्रव्य त्याच्या तेलाची मोडतोड करतं, म्हणून कोंडा मिलमधून निघाल्याबरोबर खरपूस तापवून घ्यायचा, इतकं मी सांगितलं. पण सांगतानाही हा कुठली भेसळ झाकायला आला असेल, असं डोक्यात चालूच होतं.

आमच्या दारावर मासोळी विकायला एक बाई येते. तिचा नवरा नदीत आणि बोड्यांत, म्हणजे शेतामधल्या छोट्या तळ्यांत, जाळं टाकतो. त्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या एका बोडीत कोणीतरी विष कालवलं होतं आणि सकाळी सगळी मासोळी पांढरं पोट वर करून तरंगत होती. कोणी केलं ते कळलं नाही. गावात महिनाभर सगळे एकमेकांकडे तिरक्या नजरेनं बघत होते. मी तर जन्मापासूनच तिरका बघतो.

त्याच दिवसांत तिनं टोपली खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "सर, साबनात कास्टिक किती टाकावं लागते?"

"कायले पाहिजे?" मी विचारलं. मीही इथलाच, रागात असलो की तोंडात तीच बोली येते.

ती खाली बघायला लागली. "असंच. घरी लागते."

बस. माझ्या मनात खटला उभा राहिला, चालला आणि निकालही लागला. मासोळी विकणाऱ्या बाईला कास्टिक सोडा कशाला, बोडीत कालवायला? साबण दुकानात मिळत नाही का? मान खाली का घातली? तिला लवकर वाटेला लावावं म्हणून मी एका दमात सांगितलं, "मोहाच्या बियांचं तेल सात मापं, कास्टिक एक माप. कास्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कास्टिकवर टाकायचं नाही. थंड झालं की तेलात घोटायचं. जा आता."

खरं तर एवढ्यावर कोणी साबण करू नये. वजनानं घ्या, मापानं नको, हे सांगायला हवं होतं. वड्या महिनाभर वाळू द्या, आधी तपासा, मग अंगाला लावा, हेही. विद्यार्थ्याला मी हे दहा वेळा सांगितलं असतं. तिला नाही सांगितलं. जिच्यावर संशय आहे तिला अर्धंच सांगितलेलं बरं, असा माझा हिशेब होता.

काही दिवसांनी ती पुन्हा आली. टोपली नव्हती. पदरात बांधलेली साबणाची एक पिवळी वडी तिनं टेबलावर ठेवली.

"सर, हे तपासून द्या. तेलवाल्यानं काहीतरी मिसळलं हाय. पोरीचे हात भाजले."

मी वडी कापली आणि आत फिनॉल्फथेलिनचा एक थेंब टाकला. हा थेंब पाण्यासारखा असतो. उरलेलं कास्टिक भेटलं की गुलाबी होतो. इथं तो गर्द गुलाबी झाला, बघवेना इतका.

"कास्टिक कसं मोजलं?"

"मापानं. शीग लावून." तिचा आवाज जरा दुखावल्यासारखा झाला. "तुमी सांगितलेली वस्तू, सर. त्यात काटकसर कशी करीन?"

आमच्याकडे धान मोजताना माप काठोकाठ भरून वर ढीग लावतात, तीच शीग. कोणाला सपाट माप देणं म्हणजे हलकेपणा. मी स्वतः तिच्याकडून सुके झिंगे मापानं घेताना शीग लावून घेतली आहे आणि ती कमी वाटली तर कुरकुरही केली आहे. तेलावर शीग राहत नाही, कास्टिकवर राहते. तेलवाल्यानं काहीही मिसळलं नव्हतं.

मी तिच्यामागून तिच्या घरी गेलो. मुलगी ओसरीत बसली होती, दोन्ही पंजे पट्ट्यांत. ती नदीपलीकडे भंडाऱ्यात नर्सिंगचं शिकते. पहाटे आईबरोबर मासोळी साफ करायची आणि मग वॉर्डात जायचं. बरोबरच्या मुली तिच्याजवळ उभ्या राहत नव्हत्या, पेशंटनं एकदा नाक दाबलं होतं. दुकानातल्या साबणानं वास जाईना, म्हणून घरचा कडक साबण. आता तिथल्या मॅडमनं असे हात घेऊन वॉर्डात येऊ नको म्हणून सांगितलं होतं आणि आणखी थोडे दिवस बुडाले तर वर्ष जाणार होतं.

मला स्वतःची किळस आली. कारण हा वास साबणानं जातच नाही. मासोळीच्या वासाचं द्रव्य साबणाच्याच बाजूचं, अल्कधर्मी. त्याला आंबट लागतं. चिंचेचं पाणी हाताला चोळलं की ते त्यात बांधलं जातं आणि धुऊन निघतं. "कायले?" या प्रश्नाचं उत्तर मी नीट काढून घेतलं असतं, तर तिच्या चुलीशेजारची चिंच पुरली असती.

मी दोघींना सगळं सांगितलं. बोडीतल्या विषाचा संशयसुद्धा सांगितला, गाळावासा वाटत होता तरी. हात बरे होईपर्यंत चिंच लावू नको, हे दोनदा सांगितलं. मग म्हणालो, "मी उद्या तुझ्या मॅडमला भेटतो. चूक माझी आहे, असं लिहून देतो."

मुलगी आईकडे बघायला लागली.

"त्याहिनं विचारलं होतं, कोनं सांगितलं असं साबन कराले," मुलगी म्हणाली. "मी तुमचं नाव नाही घेतलं, सर. आईनंच मना केलं. म्हणे, गावात आधीच इखाची गोष्ट चालू हाय, सरच्या घरी बाटल्या हायेत, लोकं उगीच त्याहिच्यावर संशय घेतीन."