रताळ्यांना जाळ चालत नाही

आई गेल्यापासून नाना, म्हणजे माझे वडील, अमळनेरजवळच्या आमच्या गावी एकटेच राहत होते. मी दर रविवारी जळगावहून डबे घेऊन जायचे आणि मागच्या रविवारचे डबे बुरशी धरलेले परत आणायचे. जेवलात का विचारलं की म्हणायचे, "खादं ना." चार महिन्यांत माणूस निम्मा झाला होता. माझा स्वभाव मुळात तापट, त्यामुळे भांडूनही झालं. शेवटी ठरवलं, महाशिवरात्रीला जायचं आणि त्यांना जळगावला घेऊनच यायचं. असंच चाललं तर तेही हातचे जातील, ही भीती मनातून हलत नव्हती.

ते नाहीच म्हणाले. खाटेवर तोंड फिरवून बसून राहिले. म्हटलं, निदान फराळाचं तरी करू. महाशिवरात्रीला आमच्या घरी भगरीबरोबर तोंडी लावायला भाजलेली रताळी असायची, गूळ, तिखट आणि जिऱ्याची पूड लावलेली. आईच्या हातच्या त्या चवीला तरी ते नाही म्हणणार नाहीत, असं मला वाटलं.

भगर शिजवून ठेवली आणि परसात पऱ्हाटी रचून पेटवली. आमच्याकडे भाजायचं म्हणजे भरिताचं वांगं, आणि त्याला कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा भडका लागतो. हाताला तीच सवय. रताळ्यांना टोचे मारले, तेलाचा हात फिरवला आणि त्यातली काही दिली जाळात टाकून. थोड्या वेळाने काढली तर वरून कोळसा आणि आतून करकरीत कच्ची. मी तिथेच रडायला लागले. पन्नाशीला आले, तरी आईचा एक पदार्थ मला धड येत नव्हता.

नाना कधी मागे येऊन उभे राहिले ते कळलं नाही.

"पोरी, हाई वांगं नही शे," ते म्हणाले. "जाय बसू दे. इस्तो पडू दे."

मग स्वतःच उकिडवे बसले. जाळ खाली बसल्यावर निखारे बाजूला सारले, उरलेली रताळी गरम राखेत पुरली आणि वर विस्तव पसरला. मधूनमधून काडीने टोचून पाहत होते. हात सराईत होता.

"तुमले येस हाई?" मी विचारलं.

"तुनी मायले भाजता कधी येयेच नही. भाजनं मन्हं काम. ती गूय-तिखं लावे. आते तू लाव."

इतकी वर्षं मी ज्याला आईच्या हातची चव म्हणत होते, तिच्यातली अर्धी नानांची होती. मी सालं काढली, फोडी केल्या, गूळ-तिखट लावलं. आम्ही दोघं विस्तवापाशीच जेवायला बसलो. नानांनी भगर दोनदा घेतली, रताळी तर मागून घेतली. मला बरं वाटायला हवं होतं, पण रागच आला.

"इतलं येस, त मंग चार महिना उपाशी का बरं राह्यनात?"

त्यांनी हातातली फोड खाऊन संपवली.

"एकलासाठे चूल कोन पेटाडी?"

दर रविवारी मी फडताळात डबे ठेवायचे, चार शब्द सुनावायचे आणि एकची बस धरायला पळायचे. चार महिन्यांत मी त्यांच्याबरोबर एकदाही जेवले नव्हते.