थेंब आपोआप का मिसळत नाहीत

आमच्या कॉलनीत चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या दिवशी रक्तदान शिबिर असायचं आणि माझे वडील दरवर्षी पहिल्या चार-पाच जणांत रक्त देऊन मोकळे व्हायचे. ते नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात लेथ मशिनवर टर्नर होते. मी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. करत होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं.

त्या वर्षी शिबिरानंतर रक्तपेढीचं पत्र आलं, येऊन भेटा म्हणून. रक्तात काही सापडलं तर दात्याला कळवायला त्यांनी त्याच वर्षी सुरुवात केली होती. मी पप्पांबरोबर गेले. तिथल्या डॉक्टरांनी सरळच सांगितलं, रक्तात हिपॅटायटिस बी सापडलाय. लिव्हर सध्या ठीक आहे, पण यापुढे रक्त द्यायचं नाही, दर सहा महिन्यांनी तपासणी करायची आणि घरच्यांनी लस घ्यायची.

"पण मला कधी कावीळ झाली नाही," पप्पा म्हणाले.

"होतेच असं नाही. कदाचित लहानपणीच शिरला असेल. आता सांगता येणार नाही."

परतताना बसमध्ये ते रिपोर्टचा कागद उलगडून पुन्हा पुन्हा बघत होते. मला वाटलं, घाबरले. द्वारका चौक आल्यावर ते म्हणाले, "तुझ्या पुस्तकात असंल ना हे? तो पेशीत शिरतो कसा? भोक पाडून?"

 मी घरी येऊन वाचलं आणि पप्पांना सांगितलं. या विषाणूला चरबीचं पातळ आवरण असतं, ते त्याने पेशीकडूनच घेतलेलं असतं. आवरणात त्याची स्वतःची प्रोटीनं रोवलेली असतात. ती लिव्हरच्या पेशीला चिकटतात, मग विषाणूचं आवरण आणि पेशीचा पडदा एकमेकांत मिसळून एक होतात आणि आतला ऐवज पेशीत उतरतो. रक्ततपासणीत सापडलं होतं ते याच आवरणाचं प्रोटीन. आणि लशीतही तेच होतं.

आई नुकतीच पहिलं इंजेक्शन घेऊन आली होती, दंड चोळत बसली होती. "म्हणजे यांच्या रक्तात जे निघालं, तेच मला टोचलं?"

"तेच. पण नुसतं आवरणाचं प्रोटीन. आत काही नाही."

"रिकामा खोका," पप्पा म्हणाले. "खोका ओळखीचा झाला, की माल भरून आलेला दारातच धरता येतो." आईचं काही समाधान झालेलं दिसलं नाही, पण पुढची दोन्ही इंजेक्शनं तिने वेळेवर घेतली.

आठवड्याभराने जेवताना पप्पांनी दुसरा प्रश्न काढला. "विषाणूचं आणि पेशीचं, दोन्ही आवरणं चरबीचीच ना? मग आमटीवरचे तेलाचे दोन थेंब कसे आपोआप एक होतात, तशी होतील की. त्याला प्रोटीन कशाला लागतं?"

 त्यांचं त्यांनीच पुढे चालवलं. "पण आमचं कूलंट बघ. त्यातही तेलाचे थेंबच असतात. ते एक होत नाहीत. महिना महिना दुधासारखं राहतं."

लेथवर लोखंड कापताना हत्यार तापू नये म्हणून जे पांढरं पाणी सोडतात, ते हे कूलंट. मी दुसऱ्या दिवशी हे सगळं आमच्या मॅडमना सांगितलं. त्या तपासायच्या वह्या बाजूला ठेवून ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "घेऊन ये त्यांना. आणि ते कूलंटही."

पप्पा कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजात आले. पिशवीत औषधाच्या धुतलेल्या बाटलीत कूलंट. मॅडमनी एक थेंब काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली आणि सूक्ष्मदर्शक लावून दिला. पप्पांना आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग एकदम म्हणाले, "अरे, हे तर हलतायत!"

बारीक गोल थेंब थरथरत होते, एकमेकांना धडकत होते आणि पुन्हा वेगळे होत होते. मॅडमनी काचेच्या कडेला आम्लाचा थेंब सोडला. तो हळूहळू आत शिरला.

"गेले! दोघांचा एक झाला. हा बघा, तिसराही."

"प्रत्येक थेंबावर साबणासारखा थर असतो," मॅडम म्हणाल्या. "तो त्यांना लांब ठेवतो. आम्लाने तो बिघडला. पेशीचं अगदी असंच नसतं, पण तिथेही दोन पडद्यांमध्ये पाणी असतं, ते त्यांना सहजासहजी जवळ येऊ देत नाही. पडदे ओढून जवळ आणायचं काम प्रोटीनचं. फ्लूच्या विषाणूत हे नीट कळलंय. पेशी त्याला गिळते. आतल्या पिशवीत आम्ल वाढलं, की त्याचं प्रोटीन उलगडतं, आकड्यासारखं पडद्यात रुततं आणि दुमडून दोघांना एकत्र ओढतं."

"आणि माझ्यातला?"

"त्याची प्रोटीनं माहीत आहेत. पण ती पेशीवर नेमकी कशाला धरतात, पडदे कसे जोडतात, ते अजून कळलेलं नाही."

"तुम्हाला?"

"कोणालाच."

पप्पा हसले. तासभर त्यांनी सूक्ष्मदर्शक सोडला नाही. माझ्या वर्गातल्या मुली मागे रांगेत उभ्या, आणि ते प्रत्येकीला बसवून दाखवतायत, "इथं बघ, कडेला, आत्ता मिसळतील."

मी पुढे एम.एस्सी. केलं, नाशिकमध्येच एका लॅबमध्ये लागले. पप्पा दर सहा महिन्यांनी रिपोर्ट काढत राहिले. विषाणू गेला नाही, पण लिव्हरही बिघडलं नाही. दोन हजार सालानंतर काही वर्षांनी ते निवृत्त झाले, ठणठणीत. तेव्हा एकदा मी विचारलं, रक्तपेढीत सांगितलं त्या दिवशी तुम्हाला भीती नाही वाटली?

"वाटली ना. पण भीतीपेक्षा रागच लय आला. कोण एवढी वर्षं अंगात राहतोय आणि मला पत्ता नाय." मग म्हणाले, "मॅडमनी सांगितलं ना, कोणालाच माहीत नाही, तेव्हा राग गेला. म्हटलं, आपण एकटेच अडाणी नाही."